टिळकवाडीतून आलेला मेसेज

परवा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवता ठेवता शाळेचा ग्रुप उघडला. बेळगावात कसल्याशा गुन्ह्यात धरलेल्या पोराचं वकीलपत्र कुणीतरी घेतलेलं, आणि टिळकवाडीतल्या आमच्या मित्राने लिहिलेलं, 'असल्या वकिलाला काळं फासा.' खाली अंगठ्यांची रांग.

काळं फासा! २००५ साली सीमावादावरून बंगळुरात आपले बेळगावचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं, तेव्हा हाच मला फोन करून रडवेला झाला होता.

आणि राहतो कुठे, तर टिळकवाडीत. टिळकांनी १९१६ साली बेळगाव आणि नगरला दिलेली भाषणं राजद्रोही ठरवून सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. हायकोर्टात बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि हुकूम रद्द झाला. हे ग्रुपवर टाकलं तर ॲडमिन मलाच काढेल.

राम जेठमलानी मला कधी आवडले नाहीत. स्मगलरांचा वकील म्हणून गाजलेला माणूस, पक्ष बदलायचे तेही कोट बदलावा तसे. पण सिंधमधल्या शिकारपूरचा हा गृहस्थ १९४८ मध्ये निर्वासित म्हणून मुंबईत आला. आपला गाव दुसऱ्याच्या नकाशात जाणं त्याला आपल्याइतकंच ठाऊक. इंदिरा गांधींच्या खून खटल्यात बलबीर सिंगला खालच्या कोर्टाने फाशी दिली, दिल्ली हायकोर्टाने ती कायम केली. लोक चिडलेले असताना जेठमलानी सुप्रीम कोर्टात उभे राहिले आणि १९८८ मध्ये बलबीर निर्दोष सुटला. त्याच खटल्यातला दुसरा आरोपी केहर सिंग मात्र फासावर गेला. वकीलच नसता तर दोघेही गेले असते.

इथे इंग्लंडात लेस्टरला मी ज्युरी सर्व्हिस केलीय. आरोपीच्या नव्या शर्टाच्या घड्या मोडल्या नव्हत्या, मानेमागे टॅग लोंबत होता. त्याच्या विगवाल्या वकीलबाईने जाता जाता तो आत खोचला. 'असल्याची केस का घेतलीस?' असं तिला कुणी विचारत नाही. टॅक्सीच्या रांगेसारखं, पुढे येईल तो आपला. आमच्याकडे २०२० मध्ये हुबळीच्या वकिलांनी काश्मिरी पोरांचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठरावच केला, तेव्हा हायकोर्टाला कान उपटावे लागले.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मित्राचं उत्तर एका ओळीचं: 'तुला काय रे, तिथं बसून बोलायला सोपं हाय की.'

आहेच सोपं. एका १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या फेरीतून पोलिसांनी आम्हा दोघांना उचललं होतं. खडेबाजारातल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी फी न घेता जामीन करून दिला. वडील डबाभर कुंदा घेऊन गेले तर तो त्यांनी कोर्टातल्या शिपायांना वाटला. पुढे त्या वकिलांनीच माझं नाव केसमधून काढून घेतलं, म्हणून पासपोर्ट निघाला. मित्राचं नाव राहिलं. तो सात वर्षं तारखांना जात होता. पुढची तारीख कधी, हे मी इथून एकदाही विचारलं नाही.