कॅसेटमधले मानपान

माळ्यावरचे सामान खाली काढताना सोलापुरी चादरीत गुंडाळलेले एक गाठोडे हाती लागले, तेव्हा आत आणखी एखादी चादरच असेल असे मला वाटले. कारण सोलापूरच्या घरात चादर कशात गुंडाळून ठेवायची, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुसरी चादर हेच असते. या वेळी मात्र आतून व्हीसीआर निघाला आणि त्याच्यासोबत अकरा कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी एकीवर माझ्याच अक्षरात ‘लग्न, मे १९९४, पुसू नये’ असे लिहिलेले होते. ‘पुसू नये’ हे शब्द लाल शाईत होते, तरीही खात्री न वाटल्यामुळे त्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा चौकोन मी तेव्हाच स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकला होता. तो मोडला की त्या कॅसेटवर नव्याने काही टेप होत नसे. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा टेप करता येते, हे गुपित माझ्या मेहुण्याला ठाऊक होते, आणि म्हणूनच मुलाच्या बारशाच्या कॅसेटमध्ये आत्याबाई बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करतात न करतात, तोच एकदम क्रिकेटचा सामना सुरू होतो. आमच्या चिरंजीवांचे नाव काय ठेवले, हे त्या कॅसेटवरून अखेरपर्यंत कळत नाही.

याच चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर सल्ला दिला की आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आत या कॅसेटी संगणकावर घेऊन टाकाव्यात. सगळे पेनड्राइव्हवर ठेवावे, असे त्याचे म्हणणे होते. मी डिस्कचा आग्रह धरला. आमच्या पिढीतल्या आणि त्यावरच्या पिढीतल्या नातेवाइकांकडे टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेअर बसलेला असतो, हे एक कारण होतेच. पण खरे कारण असे की डिस्क हातात दिली तर भेट दिल्यासारखे वाटते, पेनड्राइव्ह दिला तर तो परत कधी मिळेल, असे विचारावेसे वाटते.

व्हीसीआरला वीज जोडून कॅसेट आत सारली, तेव्हा त्याने ती मोठ्या अगत्याने गिळली, पोटातून कण्हल्यासारखा आवाज काढला आणि नंतर ती बाहेर देण्याचे साफ नाकारले. जगात नवा व्हीसीआर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैतच हा उद्योग बंद केला. तेव्हा तीन ठिकाणी विचारत विचारत मी नवी पेठेच्या मागच्या एका बोळातील वयस्क मेकॅनिकपर्यंत पोहोचलो. या गृहस्थांचे वडील हातमागावर बसत असत, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि स्क्रूशी कानडी, अशी त्यांची वाटणी होती. त्यांनी झाकण उघडले, आतला रबरी पट्टा बोटाने उचलला, तर तो गुळाच्या पाकासारखा तार धरून वर आला.

“हेड नोटेनं पुसलंत काय ओ साहेब?” त्यांनी विचारले.

मी मान खाली घातली. चित्रात मुंग्या आल्या की कोऱ्या करकरीत नोटेने हेड पुसायचे, ही आमच्या काळातली सर्वमान्य विद्या होती. त्यांनी मला जवळ बोलावून आतला तिरका बसवलेला चकाकता ड्रम दाखवला. तो मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात एक याप्रमाणे सेकंदाला २५ चित्रे फितीवरून उचलतो. चित्रे उचलणारे टोक इतके नाजूक असते की त्यात धूळ अडकली तरी पडद्यावर बर्फ पडतो, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही. मग त्यांनी मऊ चामड्याच्या तुकड्यावर स्पिरिट घेतले, तो तुकडा ड्रमवर नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रमच हळूहळू फिरवला. चामडे वरखाली हलवले तर हेड मोडते, असे सांगताना त्यांनी माझ्या बोटांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही. डोहाळजेवणाच्या कॅसेटची तुटलेली फीतही त्यांनी तुटलेला धागा जोडावा तशी जोडून दिली, आणि साधी सेलोटेप वापरली असती तर तिचा डिंक हेडला लागला असता, हे न विचारता सांगितले.

आता संगणकाचा भाग. चिरंजीवांनी पाठवलेल्या यंत्राला एका टोकाला यूएसबी होते आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी व लाल अशा तीन वायरी होत्या. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. आमच्या व्हीसीआरला मात्र मागे दोनच भोके होती, आणि लाल वायर कुठे घालावी याचा शोध घेण्यात माझा एक अख्खा दिवस गेला. शेवटी कळले की आमचा व्हीसीआर मोनो होता, म्हणजे त्याला डावे-उजवे असे काही नव्हतेच. तेव्हापासून ती लाल वायर लग्नात काम न मिळालेल्या पाहुण्यासारखी टेबलाच्या कडेला लोंबत राहिली.

या सगळ्या कामातली खरी मेख मला त्यानंतर कळली. फाइल कॉपी करायची तर संगणक दोन मिनिटांत करतो. पण कॅसेट ही फाइल नव्हे. तीन तासांची कॅसेट संगणकात घ्यायला तीन तासच लागतात. त्या तीन तासांत जवळपास अडीचशे मीटर फीत, म्हणजे तीसएक नऊवारी साड्या एकापुढे एक अंथरल्या तर होईल तेवढी लांबी, त्या ड्रमवरून सरकत जाते. तिला घाई करता येत नाही, थांबवता येत नाही, मागे घेता येत नाही. जे पडद्यावर दिसेल ते जसेच्या तसे उतरते.

पहिल्या दिवशी मी दुपारी कॅसेट लावून दिली आणि तीन तास नुसते बसून काय करायचे, म्हणून बँकेची कामे उरकायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा लॅपटॉप इमानाने रेकॉर्डिंग करत होता. फाइल उघडून पाहिली, तर चाळीस मिनिटांनी वीज गेली होती. लॅपटॉपला त्याची बॅटरी होती आणि पंख्याला इन्व्हर्टर होता. व्हीसीआर मात्र साध्या प्लगवर होता. त्यामुळे माझ्या लग्नाची चाळीस मिनिटे आणि त्यापुढे दोन तास वीस मिनिटे संपूर्ण काळोख, असा ऐवज हाती लागला. तो मी हिला दाखवला. तिने नेमके काय म्हटले, ते येथे देत नाही.

दुसऱ्या खेपेस मी व्हीसीआर इन्व्हर्टरवर घेतला, रविवारची दुपार निवडली आणि एकच चूक केली. घरात सांगितले.

साडेतीनपर्यंत आई, हिच्या माहेरची दोन माणसे, तो क्रिकेटवाला मेहुणा, वहिनी आणि बुधवार पेठेतून रिक्षाने आलेली आत्या असा मेळावा आमच्या जुळे सोलापुरातल्या दिवाणखान्यात जमला होता. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरीचा डबा आत्या बरोबर घेऊन आली होती, म्हणजे मुक्काम मोठा होता. मी सर्वांना गंभीरपणे सूचना दिली की रेकॉर्डिंग सुरू असून कोणीही कशालाही हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गणपतीचे चित्र आले, शहनाई वाजली, आणि एका गुलाबाच्या फुलातून आधी माझा आणि मग हिचा चेहरा उमलला. ही करामत व्हिडिओवाल्याने इतक्या वेळा वापरली होती की पंधराव्या मिनिटाला मेहुण्याने गुलाब मोजायला सुरुवात केली.

मे महिन्यातले सोलापूर, मंगल कार्यालयाचे पत्रे आणि त्यावर व्हिडिओवाल्याच्या मदतनिसाने डोक्यावर धरलेला हॅलोजनचा दिवा. चित्रातला प्रत्येक माणूस डोळे मिचकावत, कपाळ पुसत, काही तरी अपराध कबूल केल्यासारखा कॅमेऱ्याकडे पाहत होता. पंगतीत तर व्हिडिओवाल्याने एकेका पानासमोर थांबून प्रत्येकाचा घास टिपला होता, आणि प्रत्येक जण तोंडासमोर हात धरून तो घास नाकारत होता. तीसेक वर्षांपूर्वी कोण कोणाशेजारी बसले आणि कोण मुद्दाम लांब बसले, याची चर्चा सुरू झाली. “थांब थांब, मागं घे, ती कोण होती गं?” असे एका मागोमाग एक हुकूम सुटू लागले आणि मी रिमोट गुडघ्याखाली दाबून बसलो.

दोन तास मी तो शिकस्तीने राखला. मग मानपानाचा प्रसंग आला.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आमच्या लग्नात वराच्या आत्याला वधूपक्षाकडून इरकली साडी मिळाली, ही हिच्या माहेरची बाजू. ती साडी कॅमेऱ्यापुरती हातात दिली, कॅमेरा वळला की परत घेतली आणि तिच्या बदल्यात साधी साडी हातावर ठेवली, ही आत्याची बाजू. दोन्ही बाजूंना साक्षीदार होते आणि दोन्हींकडचे निम्मे साक्षीदार आता हयात नाहीत. पडद्यावर माझ्या सासूबाई दिसल्या, त्यांनी आत्याच्या कपाळी कुंकू लावले आणि हिरवी इरकल तिच्या हातात दिली. आत्याने साडीचा पदर उलटून जर पाहिली, आणि कॅमेरा दुसरीकडे वळला.

“बघितलंत?” ही म्हणाली. तीन दशकांचा विजय त्या एका शब्दात होता.

“मागं घे,” आत्या म्हणाली.

“आत्या, रेकॉर्डिंग चालू आहे.”

“मागं घे म्हणते मी!” असे म्हणून तिने माझ्या गुडघ्याखालून रिमोट ओढला आणि कोणते तरी बटण दाबले. कॅसेट चित्रासह उलटी पळू लागली. पडद्यावर पांढरे आडवे पट्टे धावले, आणि त्या पट्ट्यांतून सर्वांनी स्पष्ट पाहिले की आत्याने साडी सासूबाईंच्या हातात दिली, सासूबाईंनी ती लगबगीने मागे ओढून घेतली आणि आत्याच्या कपाळावरचे कुंकूसुद्धा बोटाने काढून नेले.

खोलीत शांतता पसरली.

“घेतली की नाही परत?” आत्या म्हणाली.

“अहो आत्या, ते उलटं चाललंय,” ही म्हणाली.

“उलटं असो, सुलटं असो. घेतली का नाही?” असे म्हणत तिने कॅसेट पुढे नेली, पुन्हा मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. प्रत्येक वेळी साडी जायची आणि प्रत्येक वेळी परत यायची. शेजारी लॅपटॉपवर लाल ठिपका शांतपणे लुकलुकत होता.

उरलेले काम तुलनेने सोपे होते. फाइल तपासताना आवाज चित्राच्या पुढे पळत असल्याचे दिसले. तिसऱ्या तासापर्यंत हे अंतर दोन सेकंदांवर गेले होते. त्यामुळे आमचे अण्णा आचाऱ्यावर ओरडताना आधी आवाज येतो आणि मग तोंड उघडते. आईला ते दाखवले, तर ती म्हणाली, “राहू दे. त्यांचं तसंच होतं, आधी बोलायचे आणि मग तोंड उघडायचे.” मी ते तरीही सुधारले. ज्या डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले असते, ती संगणकाला ४.३७ च दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १,०२४ ने. तेव्हा तीन तास चांगल्या दर्जाने एका डिस्कवर बसेनात. दोन डिस्क कराव्या लागल्या आणि मधोमध तोडायला गेलो, तर पहिली डिस्क अंतरपाट धरलेला असतानाच संपली. त्या डिस्कवर मी शेवटपर्यंत अविवाहित आहे. वहिनीने विचारले की दोन्हींपैकी कोणती जास्त चांगली आली आहे, तेव्हा हिने एकही क्षण न दवडता पहिलीकडे बोट दाखवले.

साडीचे मागे-पुढे होणे मी अर्थातच कापून टाकले. सहस्रचंद्रदर्शनाला आलेल्या प्रत्येक घराला दोन डिस्कचा एकेक जोड दिला आणि त्याच रात्री दहा वाजता आत्याचा फोन आला.

“साडी परत घेतलेली कुठंय?”

“आत्या, ते मूळ कॅसेटमध्ये नाहीच. तुम्ही बटण दाबलंत म्हणून…”

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सगळ्यांनी बघितलंय. कापलंस ना तू? बायकोच्या माहेरचं म्हणून?”

सुदैवाने न कापलेली फाइल मी पुसली नव्हती. दुसऱ्या दिवशी ही भाजीला गेलेली असताना मी आत्यासाठी एक वेगळी डिस्क तयार केली आणि स्वतःच बुधवार पेठेत नेऊन दिली. आत्याने ती प्लेअरमध्ये घालून तो प्रसंग दोनदा पाहिला, समाधानाने मान हलवली आणि डिस्क कव्हरमध्ये ठेवताना विचारले की हे कोणी पुसून तर टाकणार नाही ना. ही डीव्हीडी-आर आहे, एकदा लिहिली की ती पुसताच येत नाही, असे मी तिला नीट समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि नातवाचे लाल स्केचपेन माझ्या हातात देऊन म्हणाली, “तरी लिही.”