बदला नाहीतर संपाल? स्विंडनचं उदाहरण चुकलंय

कोडॅक झालं, नोकिया झालं, आता स्विंडनचा नंबर लागलाय. महिनाभरात तोच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. एकदा तर सकाळच्या सुप्रभाताला चिकटूनच. मजकूर थोडक्यात असा:

'इंग्लंडमधल्या स्विंडनला प्रचंड मोठा रेल्वे कारखाना होता. कंपनीनं कामगारांना घर, दवाखाना, वाचनालय सगळं फुकट दिलं. पण कामगार वाफेच्या इंजिनाला चिकटून बसले. डिझेल आलं तेव्हा संघटनांनी नवं तंत्रज्ञान अडवलं. १९८६ मध्ये एका सकाळी टाळं लागलं, १४ हजार माणसं रस्त्यावर आली. आज तिथे मॉल आहे. बदला, नाहीतर संपाल!' शेवटी हात जोडलेले.

त्याखाली हमखास कुणीतरी डाव्या बाजूनं बाण सोडतं, 'हे सगळं थॅचरबाईंच्या खाजगीकरणामुळे.' (थॅचर म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान.) मग दोन दिवस ग्रुप पेटलेला.

मी लोअर परळचा. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, आणि आमच्या चाळीत भोंग्यावर घड्याळ लावायची पद्धत होती. त्यामुळे कारखाना बंद पडल्याची गोष्ट कुणी सुविचारासारखी सांगायला लागलं की मला गप्प बसवत नाही. त्यात मागे भाचीकडे इंग्लंडला गेलो असताना एक अख्खा दिवस स्विंडनच्या त्या जागेत काढून आलोय. तेव्हा एकेक घेऊ.

'वाफेला चिकटून बसले'

सगळ्या इमल्याचा पाया हाच, म्हणून इथे जरा बसू.

स्विंडनमध्ये बांधलेलं 'ईव्हनिंग स्टार' हे ब्रिटिश रेल्वेसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेसाठी, तयार झालेलं शेवटचं वाफेचं इंजिन. मार्च १९६० मध्ये त्याचा नामकरण सोहळा झाला. फोटो गाजला, आणि 'शेवटपर्यंत वाफ सोडली नाही' ही समजूत बहुधा तिथूनच निघाली असावी. पण त्याच कारखान्यातून 'वॉरशिप' वर्गाचं पहिलं मोठं डिझेल इंजिन बाहेर पडलं ते १९५८ मध्ये, म्हणजे ईव्हनिंग स्टारच्या दोन वर्षं आधी. डिझेलचे रेल्वेडबे आणि शंटिंगची छोटी डिझेल इंजिनं तर त्याहून आधीपासून तिथे बनत होती. काही काळ एका आवारात दोन्ही जातींची इंजिनं उभी राहत होती. याला चिकटून बसणं म्हणत नाहीत.

पुढचा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यातून निघणारा सुविचार नेमका उलटा आहे. रुळांवरच्या डिझेल इंजिनात ताकद चाकांपर्यंत न्यायचे दोन मुख्य मार्ग. एक, डिझेलनं जनित्र फिरवायचं, वीज करायची, ती मोटारींना द्यायची आणि मोटारींनी चाकं फिरवायची. आपल्याकडे कल्याण-पुण्याच्या डिझेल शेडमध्ये दिसणारी इंजिनं या पद्धतीची, डिझेल-इलेक्ट्रिक. दुसरा, मधे वीज आणायचीच नाही. तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, त्यातून दांडा, दांड्यातून चाकं. हे डिझेल-हायड्रॉलिक. ब्रिटिश रेल्वेच्या बाकी विभागांनी पहिला मार्ग धरला. स्विंडन ज्या पश्चिम विभागात होतं, त्या विभागाच्या साहेबांनी दुसरा धरला आणि त्यासाठी जर्मनीकडे पाहिलं. जर्मनीची व्ही-२०० इंजिनं समोर ठेवून ब्रिटनच्या अरुंद मापात वॉरशिप बसवलं.

आणि ते हलकं होतं. डिझेल-इलेक्ट्रिक 'क्लास ४०' ची ताकद २,००० अश्वशक्ती आणि वजन १३३ टन. तेवढ्याच ताकदीचं पहिलं वॉरशिप साधारण ८० टनांचं. वर्कशॉपात आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पन्नास टन लोखंड तुम्ही उगाच ओढत नाही आहात, एवढा त्याचा अर्थ. मग १९६१ पासून 'वेस्टर्न' वर्गाची इंजिनं आली, स्विंडन आणि क्रू या दोन्ही कारखान्यांत मिळून ७४. देखणी गाडी. म्युझियमात उभं असलेलं पाहिलं तरी थबकायला होतं.

गोची इथे झाली. सगळ्या देशाची इंजिनं एका जातीची आणि एकाच विभागाची वेगळ्या जातीची. सुटे भाग वेगळे, मेस्त्री वेगळे, दुरुस्तीची रीत वेगळी, आणि संख्या थोडी म्हणून प्रत्येक गोष्ट महाग. वरून हुकूम झाला, सगळीकडे एकच पद्धत, डिझेल-इलेक्ट्रिक. १९६४-६५ मध्ये स्विंडननं ५६ छोटी हायड्रॉलिक इंजिनं बांधली, गावोगावच्या मालगाड्या आणि यार्डातल्या कामासाठी. बांधून होईपर्यंत ते कामच उडालं होतं. शाखामार्ग बंद होत होते, माल ट्रकवर चालला होता. १९६९ पर्यंत रेल्वेनं ही सगळी इंजिनं काढून टाकली. बरीचशी कोळसा आणि पोलाद उद्योगानं विकत घेतली आणि तिथे ती मजेत चालली. इंजिन चांगलं होतं, त्याला काम राहिलं नव्हतं. त्या ५६ नंतर ब्रिटिश रेल्वेसाठी स्विंडननं एकही नवं इंजिन बांधलं नाही. शेवटची वेस्टर्न इंजिनं १९७७ मध्ये सेवेतून गेली, आणि त्यांच्याबरोबर स्विंडनचं खास कसबही.

म्हणजे कारखाना बदलला नाही म्हणून अडचणीत आला, असं नाही. तो झपाट्यानं बदलला, आणि ज्या वाटेनं बदलला ती वाट मालकांनीच मागाहून बंद केली. ब्रिटिश रेल्वेवरून वाफ गेली १९६८ मध्ये. कारखाना बंद झाला १९८६ मध्ये. मधली १८ वर्षं तिथली माणसं डिझेल गाड्यांची दुरुस्ती करत होती आणि जुनी इंजिनं तोडत होती.

'संघटनांनी नवं तंत्रज्ञान अडवलं'

कुठलं? वर सांगितलेली डिझेलं बांधली कुणी, चर्चमधल्या पाद्र्यांनी? त्याच बॉयलरमेकर आणि फिटर लोकांनी. कुठली पद्धत घ्यायची हे विभागाच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं आणि सोडायची तेही वरच्यांनीच. संघटना कारखाना वाचवण्यासाठी भांडल्या, हे खरं. ब्रिटनमध्ये १९८२ साली रेल्वेचा गाजलेला संप झाला तो इंजिनचालकांचा, कामाच्या तासांवरून. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला. मजकूर लिहिणाऱ्यानं गिरणगावाचं बिल स्विंडनच्या नावावर फाडलंय, असा मला दाट संशय आहे.

'एका सकाळी १४ हजार रस्त्यावर'

१४ हजार हा आकडा खरा, पण १९२० च्या दशकातला. १९८६ शी त्याचा संबंध नाही. साठच्या दशकापासून विभाग बंद होत गेले, डब्यांचा कारखाना आधी गेला, माणसं शेकड्यांनी कमी होत राहिली. बंदची घोषणा झाली मे १९८५ मध्ये, दरवाजे मिटले मार्च १९८६ मध्ये. म्हणजे मजकुरात आहे तशी ती एक सकाळ कधी उगवलीच नाही.

घोषणेची वेळ मात्र खास सरकारी होती. १९८५ हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं, म्हणजे हा कारखाना मुळात काढणाऱ्या कंपनीचं, दीडशेवं वर्ष. एका हातात दीडशेव्या वर्षाची फुलं, दुसऱ्या हातात नोटीस. स्विंडनच्या कारखान्यात ठरलेला सोहळा मग रद्दच झाला.

'कंपनीनं सगळं फुकट दिलं'

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते कौतुकाच्या वेशात येतं.

आधी पार्श्वभूमी. १८४० मध्ये डॅनियल गूच या २४ वर्षांच्या पोरानं, तो कंपनीचा इंजिनप्रमुख होता, मुख्य अभियंता ब्रुनेलला पत्र लिहून स्विंडनची जागा सुचवली. चेल्टनमचा फाटा तिथे फुटत होता, कालव्यानं कोळसा येत होता, आणि लंडनकडचा सपाट रस्ता संपून पुढे चढ-उतार लागत असल्यानं इंजिन बदलायची ती योग्य जागा होती. (ब्रुनेलनं सँडविच भिरकावलं आणि ते पडलं तिथे कारखाना काढला, अशी दंतकथा तिथे आवडीनं सांगतात. पत्र वाचल्यावर सँडविचची गरज राहत नाही.) जानेवारी १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला. १८४६ मध्ये तिथे संपूर्णपणे बांधलेलं पहिलं इंजिन 'ग्रेट वेस्टर्न' अवघ्या १३ आठवड्यांत उभं राहिलं.

आता फुकटचं. कंपनीनं कामगारांसाठी साधारण तीनशे दगडी घरांची वसाहत बांधली. तिचं भाडं होतं. दवाखान्यासाठी १८४७ मध्ये 'मेडिकल फंड' सुरू झाला तो कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर, आणि कारभार कामगारांच्या समितीकडे. कंपनीनं मदत केली, जागा दिल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण डॉक्टर, औषधं, पुढे रुग्णालय, दातांचा दवाखाना, न्हाणीघरं हे सगळं उभं राहिलं ते मुख्यतः कामगाराच्या खिशातून. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आली तेव्हा स्विंडनला अशा सोयीची शंभर वर्षांची सवय होती. ती सेवा स्विंडनवरूनच बेतली असं तिथली माणसं छातीठोकपणे सांगतात. इतकं सरळ गणित नसावं, पण त्यांचा अभिमान पोकळ नाही.

वाचनालय, वर्ग आणि नाटकं चालवणारी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन' सुद्धा कामगारांच्याच उठाठेवीतून १८४४ मध्ये निघाली. आणि जुलैतली प्रसिद्ध 'ट्रिप'! कंपनी खास गाड्या सोडायची, प्रवास फुकट, अख्खं गाव समुद्रावर. झकास. फक्त ती सुट्टी कित्येक दशकं बिनपगारी होती. परत आल्यावरचा आठवडा घरात कसा निघत असेल, हे आमच्या चाळीतल्या कुठल्याही बाईनं न विचारता सांगितलं असतं.

'थॅचरच्या खाजगीकरणानं'

आता डाव्या बाजूच्या मित्रांसाठी, थोडक्यात. १९८६ मध्ये कारखाना सरकारी होता. तो चालवणारी ब्रिटिश रेल इंजिनिअरिंग ही ब्रिटिश रेल्वेचीच कंपनी, आणि ती विकली गेली १९८९ मध्ये. सरकार पैसा आवळत होतं आणि कारखान्यांना स्पर्धेत ढकलत होतं, हे बरोबर. त्याचा वाटा मोठा आहे. पण खालचं कारण त्याहून रुक्ष आहे. मार्ग कमी झाले, डबे-इंजिनं कमी झाली, नव्या गाड्यांना मोठी दुरुस्ती कमी वेळा लागू लागली. आमच्याकडे ज्याला पीओएच म्हणतात ते ठरावीक मुदतीचं संपूर्ण उघडून करायचं काम, त्यावर हे कारखाने जगतात. ते आटलं की लेथ कितीही चांगला असो, फिरवायला काही नसतं. हॉर्विचचा रेल्वे कारखाना १९८३ मध्ये बंद झाला, शिल्डनचा १९८४ मध्ये, मग स्विंडनचा. हिशेबाच्या वहीत एकेक ओळ खोडत आले.

'आज तिथे मॉल आहे'

आहे. १९९७ पासून. आमच्या फिनिक्स मिलच्या आवारात सिनेमा बघून आलेल्या माणसाला त्याचं नवल नाही. पण तिथे छप्पर, ओतीव लोखंडाचे खांब आणि क्रेनचे गर्डर जागेवर ठेवलेत, आणि खाण्याच्या जागी एक वाफेचं इंजिन उभं आहे. त्याच्या शेजारी बसून मी बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या आणि मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. बाजूच्या इमारतीत २००० पासून रेल्वेचं संग्रहालय आहे, एका जुन्या कचेरीत राष्ट्रीय वारशाचं दफ्तर.

गाव ओस पडलं म्हणावं तर तेही नाही. ज्या १९८५ मध्ये बंदची घोषणा झाली, त्याच वर्षी होंडानं गावाबाहेर जागा घेतली. पुढे तिथे मोटारी बनल्या आणि २०२१ मध्ये तोही कारखाना बंद झाला. तिथे तर वाफ नव्हती! आणि स्विंडनमध्ये आज गोव्याच्या माणसांची मोठी वस्ती आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली. भर इंग्लंडात कोंकणी कानावर पडते.

वसाहतीकडून कारखान्यात जायला रुळांखालून एक पायी बोगदा आहे. एके काळी पाळी सुटली की हजारो माणसं यातून बाहेर पडायची. भोंगा इतका जोरात व्हायचा की शेजारच्या एका उमरावानं झोपमोड होते म्हणून सरकारदरबारी तक्रार केली होती. शेवटचा भोंगा मार्च १९८६ मध्ये झाला. आता त्या बोगद्यातून खरेदीच्या पिशव्या घेतलेले लोक जातात. मी वसाहतीच्या बाजूनं बाहेर आलो, तर समोर मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची इमारत. वर्षानुवर्षं रिकामी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मॉलला गिऱ्हाईक मिळालं, वाचनालयाला मिळालेलं नव्हतं.