कुटुंब नसलेल्या मुलांनी जायचे कुठे?

‘तिकडे मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, म्हणून ती रस्त्यावर येतात, आपली कुटुंबसंस्था भक्कम असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्नच नाही,’ असे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुन्हा एकदा ठासून सांगितले गेले आणि इथे मँचेस्टरमध्ये मला त्याचा मनस्वी राग आला.

इथली पुष्कळ तरुण मुले घरच्यांनी दार लावून घेतल्यामुळेच बेघर होतात, हे खरे आहे. मात्र असा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, आला, तर त्याची जबाबदारी प्रामुख्याने बालसेवा विभागाची असते, हे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 2009 साली लंडनमधल्या साउदर्क काउन्सिलच्या खटल्यात स्पष्ट केले. केअरमधून, म्हणजे सरकारी देखभालीतून, बाहेर पडलेल्यांना वयाच्या 25व्या वर्षापर्यंत हक्काचा सल्लागार मागता येतो. पंचविशीच्या आतल्यांना युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता कमी मिळतो आणि तेवढ्यात भाडे भागवणे कठीण जाते; तरीही जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक असते.

महाराष्ट्रात बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाने हा जाब कोणाला विचारावा? मुंबईत 1996 साली सुरू झालेली 1098 ही हेल्पलाइन अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. 2015च्या बाल न्याय कायद्यात त्यानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, पण ती साधारणपणे 21 वर्षांपर्यंतच, आणि आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ अशा मोघम शब्दांत. राज्याने 2018 साली अनाथांना एक टक्का आरक्षण दिले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु परीक्षेची तयारी करतानाच्या वर्षांत राहायचे कुठे, हे त्यातून सुटत नाही. आणि आंतरजातीय लग्न ठरवल्यामुळे जिला घर सोडावे लागते, तिच्या बाबतीत तर भक्कम कुटुंब हेच बेघर होण्याचे कारण असते.

शिकायला मुंबईत आलो तेव्हा परळच्या मावशीने मला दोन खोल्यांच्या घरात वर्षानुवर्षे सांभाळले. तिच्याविना मी इथवर पोहोचलो नसतो, म्हणूनच ज्याला मावशी नाही त्याचा विचार मनातून जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यापासून तिकडे भारतात मला मत नाही, बोलण्याचा अधिकार किती उरला हेही मला नक्की सांगता येत नाही. तरी इथल्या वसतिगृहांच्या बातम्या मी शांतपणे वाचतो आणि तिकडच्या अनुरक्षण गृहांविषयी वाचताना माझी झोप उडते. ज्यांना मत आहे, त्या माझ्या नातेवाइकांनी निदान ही 21ची मर्यादा 25 का होत नाही, एवढे आपापल्या आमदारांना विचारावे.