माशाक पालो?

बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर नारळ खवायचा कंटाळा येणं हा काही गुन्हा नाही. हिरव्या पाल्याचा कुरकुरीत थर दिलेली सुरमय ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटांत होते आणि त्यातली दहा नुसता ओव्हन तापण्यात जातात. मला फक्त काटा काढलेली लांब पट्टी हवी होती. एवढंच मालवणच्या बाजारात मोठ्याने बोललो.

"कातडी पण काढा मावशी."

कोयता हवेत थांबला.

"कातडा? कित्याक?"

"नकोय."

"कातडा काढल्यावर रवला काय?" मग शेजारणीकडे वळून, "गो, ऐकलंस? ह्येका कातडा नको, काटो नको. चव तरी व्हयी काय, इचार त्येका."

शेजारणीने कोलंबी सोलणं थांबवून मला आपादमस्तक पाहिलं.

"मगे वरसून काय लावतलस?"

"कोथिंबीर, पुदिना, पावाचा चुरा."

"पालो?" आता चार टोपल्यांपलीकडेही ऐकू गेलं. "झिला, पालो बोकडाक घालतत!"

आख्खा बाजार हसला. माझ्यामागे पिशवी घेऊन उभे असलेले एक गृहस्थ हसले नाहीत, त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. "डोकं टाकताय का? मग मी नेतो," म्हणाले आणि मधल्या काट्यासकट घेऊनही गेले, फुकट. वजन आख्ख्या माशाचं झालं होतं, पैसे मी मोजले होते. किलोभराची सुरमय घरी काट्यावर ठेवली तर सहाशे ग्रॅमही भरली नाही. त्या गृहस्थांकडे त्या रात्री माझ्या पैशांची आमटी झाली. डोकं मागून घ्यायला तोंड होतं की मला, पण सगळे हसत असताना ते उघडत नाही.

असो. पालो हा शब्द मात्र मनाला लागला. मूळ कृतीत पार्सली (कोथिंबिरीसारखा विलायती पाला) असते. इथे ती मागितली की दुकानदार पार्सल बांधायला घेतो. शेपू चालतो, माशाबरोबर छानच लागतो, पण आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की माणसं जेवणाच्या वेळा बदलतात. म्हणून घाटावरून येणारी कोथिंबीर एक मोठी मूठ, पुदिना अर्धी मूठ, लसणीच्या चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, दोन शिळ्या कडक पावांचा चुरा, दोन चमचे वितळलेलं लोणी आणि लिंबाची किसलेली साल. साल पिवळी तेवढीच, खालचं पांढरं कडू असतं. टोस्टचा चुरा घेऊ नका, त्यात साखर असते आणि मासा शिजायच्या आत तो करपतो. पाला मिक्सरला लावलात तर पाणी सुटून चटणी होते, ती कुरकुरीत व्हायची नाही. सुरीने चिरायचा, आणि त्याआधी कोरडा करायचा.

माशाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी जुन्या सुती फडक्याने टिपा. इथे आळस केला की थर घसरतो. लिंबू आधी पिळून ठेवू नका, मासा ओव्हनबाहेरच पांढरा पडतो आणि शिजल्यावर भुसभुशीत लागतो. चुरा फक्त वरच्या बाजूला, बोटांनी दाबून. पट्टी दोन सेंटिमीटर जाड असेल तर दोनशे अंशांवर बारा मिनिटं. वर झाकण किंवा फॉइल नको, वाफेने सगळं ओलं होतं. आणि वीज जायच्या आत उरका, घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही. गेलीच, तर तवा आहे: चुरा वेगळा परतून घ्यायचा आणि भाजलेल्या माशावर शेवटी पसरायचा.

थर अप्रतिम झाला. सोनेरी, कुरकुरीत, कुठेही सुटला नाही. मी कालथा खाली सरकवला, उचलला, आणि माशाचे तीन तुकडे होऊन मधला ट्रेमध्येच राहिला. पाकळ्यांना खालून धरून ठेवते ती कातडी. ट्रेला चिकटतं तेही तिचंच काम, मासा वरून अलगद सुटून येतो. मावशीने हे न हसता सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

शुक्रवारी तिने लांबूनच हाक मारली, "झिला, फुटलो मा?"

"नाय. झकास झालो," मी म्हटलं.

तिने पाव किलो बांगडे पिशवीत घातले. न विचारता, डोक्यासकट.