अपडेट अडले की फायरवॉल बंद करा, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘विंडोजचे अपडेट डाउनलोड होत नसेल तर दोष शंभर टक्के इंटरनेटवाल्याचा असतो, टेक्निशियनला पैसे देऊ नका, घरीच करा’ अशी त्याची सुरुवात आहे. पुढे सहा उपाय क्रमाने दिले आहेत: डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ८.८.८.८ टाका, फायरवॉल आणि अँटिव्हायरस बंद करा, राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, व्हीपीएन लावा, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) चार कमांड चालवा, आणि एवढे करूनही अपडेट उतरले नाही तर अपडेटची सेवाच कायमची बंद करून टाका, कारण घरच्या कॉम्प्युटरला तिची गरज नसते. घरगुती आणि छोट्या कार्यालयांतले कॉम्प्युटर सांभाळणे हेच माझे रोजचे काम असल्याने या उपायांचे परिणाम मला निस्तरावे लागतात. म्हणून हे सविस्तर उत्तर.

सहा उपायांकडे वळण्यापूर्वी संदेशात जे नाहीच, त्याबद्दल बोलणे आवश्यक आहे. अपडेट अडते तेव्हा विंडोज एक कोड दाखवते, आणि तो कोणता आहे हे वाचायला या संदेशात कुठेही सांगितलेले नाही. सुरुवातीचे शून्य आणि एक्स सोडले तर ८००७२ईई७ याचा अर्थ असा की सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सापडला नाही; ८००७२ईई२ म्हणजे उत्तराची वाट पाहून मुदत संपली; ८००७२ईएफडी म्हणजे जोडणीच होऊ शकली नाही; ८००७२एफ८एफ म्हणजे सुरक्षित जोडणी करताना प्रमाणपत्राची तपासणी फसली; ८००७०४२२ म्हणजे अपडेटची सेवा बंद करून ठेवलेली आहे; आणि ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही. यांतल्या शेवटच्या दोन कोडांचा इंटरनेटशी काडीमात्र संबंध नाही. ‘सी’ ड्राइव्ह लग्नाच्या व्हिडिओंनी काठोकाठ भरलेला असताना राउटरला टाचणी टोचत बसण्याने काय साधणार आहे?

आता पहिला उपाय, डीएनएस बदलण्याचा. सहांपैकी हाच एक असा आहे की जो योग्य वेळी खरोखर उपयोगी पडतो. कोड ८००७२ईई७ असेल आणि इतर संकेतस्थळेही अधूनमधून उघडत नसतील, तर आपल्या इंटरनेट सेवेचा नाव शोधणारा सर्व्हर आजारी असण्याची शक्यता असते, आणि गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ वापरून पाहणे रास्त आहे. तथापि हे पत्ते म्हणजे वेग वाढवणारे औषध नव्हे. अपडेटच्या फाइली एकाच ठिकाणाहून येत नाहीत, तर जगभर पसरलेल्या साठवण-सर्व्हरांपैकी सोयीच्या सर्व्हरवरून येतात, आणि तो सर्व्हर कोणता हे ठरवण्यात डीएनएसच्या उत्तराचा मोठा वाटा असतो. इंटरनेट कंपनीच्या स्वतःच्या डीएनएसला तिच्याच जाळ्यातला किंवा मुंबईतलाच साठा पुष्कळदा माहीत असतो. बाहेरचा डीएनएस लावल्यावर एखाद्या जोडणीवर उलट लांबचा सर्व्हर वाट्याला येऊ शकतो. शिवाय कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर डीएनएस बदलला की अंतर्गत सर्व्हरांची नावे सापडेनाशी होतात, ते वेगळेच. डीएनएस बदलण्याआधी हॉस्ट्स नावाची, नावे आणि पत्ते यांची यादी असलेली फाइल पाहणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण विंडोज नाव शोधताना आधी तिच्यात डोकावते आणि फुकटात ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअरे तिच्यात गुपचूप ओळी घालून ठेवतात. अशा ओळीने अपडेटचे नाव अडवले असेल तर जगातला कोणताही डीएनएस ते सोडवू शकत नाही.

दुसरा उपाय सर्वांत घातक आहे आणि दुर्दैवाने सर्वांत लोकप्रियही. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेरून, न बोलावता आत येऊ पाहणाऱ्या जोडण्या अडवते. आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना ती अटकाव करत नाही. अपडेटची जोडणी कॉम्प्युटर स्वतः सुरू करतो, म्हणजे ती आतून बाहेर जाणारी असते. सोसायटीचा वॉचमन येणाऱ्याला वहीत नाव लिहायला लावतो, दूध आणायला निघालेल्या रहिवाशाला नव्हे. त्याला सुट्टी दिल्याने रहिवाशाला दूध लवकर मिळत नाही. म्हणून मूळ मांडणीतली फायरवॉल बंद केल्याने अपडेट सुरू होण्याचे तांत्रिक कारणच शिल्लक राहत नाही, आणि ज्यांना ते झाल्यासारखे वाटते त्यांनी बहुधा त्याच वेळी कॉम्प्युटर पुन्हा चालू केलेला असतो. बाहेरून विकत घेतलेल्या काही अँटिव्हायरसांची गोष्ट मात्र निराळी आहे. ती सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि त्यात कधीकधी अपडेटची जोडणी मोडते. अशा वेळी त्यातली जोडणी तपासण्याची तेवढी सोय काही मिनिटांसाठी बंद करून पडताळा घ्यावा आणि लगेच ती पूर्ववत करावी.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण आपल्या शेजारीच घडलेले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. त्या प्रोग्रामने पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक होता विंडोजमधला एक दोष, ज्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ आधी, दिलेले होते. पूर्ण सत्य सांगायचे तर तो चोरलेल्या पासवर्डांच्या आधारेही पसरत होता, आणि त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. त्यामुळे ‘अपडेट केले की सारे सुरक्षित’ असा माझा दावा नाही. मात्र त्याच महिन्यांत गाजलेला ‘वॉनाक्राय’ १२ मे २०१७ रोजी पसरू लागला तो त्याच दोषातून आणि ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या जोडणीच्या एका दारातून. अपडेट नसलेल्या कॉम्प्युटरची फायरवॉलही काढून टाकायची, हा सल्ला त्या पार्श्वभूमीवर वाचावा.

तिसरा उपाय टाचणीचा. राउटरचा प्लग काढून मिनिटभराने पुन्हा लावणे आणि टाचणीने तो कारखान्यातल्या मूळ स्थितीत नेणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि संदेश त्यांना एकच समजतो. आपल्याकडच्या अनेक स्थानिक केबलवाल्यांची जोडणी पीपीपीओई पद्धतीची असते, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरल्याशिवाय ती सुरूच होत नाही. टाचणी टोचली की ते दोन्ही पुसले जातात, वायफायचे नावही बदलते, आणि घोडबंदर रोडवरच्या तिसाव्या मजल्यावरचे कुटुंब शनिवारी संध्याकाळी केबलवाल्याच्या माणसाची वाट पाहत बसते. अडले होते एक अपडेट, बंद पडले अख्ख्या घराचे इंटरनेट. प्लग काढून लावायला मात्र काहीच हरकत नाही.

चौथ्या उपायाबद्दल, म्हणजे व्हीपीएनबद्दल, थोडक्यात. इंटरनेट कंपनी अपडेट मुद्दाम अडवते म्हणून आडमार्गाने जा, असे त्यामागचे गृहीतक आहे. व्हीपीएन लावल्यावर आपली सारी वाहतूक दूरच्या सर्व्हरवरून वळसा घालून येते आणि अपडेटही तिथून जवळच्या साठ्यातून घेतले जाते. फुकटच्या व्हीपीएनवर तर काही जीबींची फाइल सुखरूप उतरणे हीच नवलाई. उलट पूर्वी कधीतरी लावलेल्या व्हीपीएनची किंवा प्रॉक्सीची (इंटरनेटशी जोडणी करून देणाऱ्या मधल्या सर्व्हरची) उरलेली नोंदच अपडेटला अडवत असल्याची उदाहरणे मला अधिक दिसतात. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांतून घरी आणलेल्या लॅपटॉपांवर कार्यालयाच्या प्रॉक्सीची नोंद राहून गेलेली असते. ब्राउझरची प्रॉक्सी आणि विंडोजच्या सेवा वापरतात ती प्रॉक्सी या वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेल्या असतात, म्हणूनच यूट्यूब छान चालते आणि अपडेट मात्र अडून बसते. असा लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असेल तर त्याला हात न लावता कंपनीच्या आयटी विभागाला कळवणे हेच योग्य.

पाचव्या उपायातल्या चार कमांडांपैकी पहिली, डीएनएसची साठवण पुसणारी, निरुपद्रवी आहे. ‘विनसॉक रिसेट’, म्हणजे विंडोजची नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीत आणणारी दुसरी कमांड, सहसा त्रास देत नाही, पण नेटवर्कमध्ये स्वतःला अडकवून घेणारी सॉफ्टवेअरे त्यानंतर नीट चालतातच असे नाही. तिसरी, आयपी रिसेट करणारी, हाताने दिलेला स्थिर आयपी पत्ता (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) घालवू शकते, आणि इथे छोट्या कार्यालयांची दैना होते. वागळे इस्टेटमधल्या एका हिशेब कार्यालयात टॅलीचा डेटा ज्या कॉम्प्युटरवर होता त्याच्यावरच कोणीतरी ही कमांड चालवली. त्याचा शेवटी १० असलेला पत्ता जाऊन राउटरने दिलेला दुसरा पत्ता आला, आणि बाकीच्या टेबलांवर टॅलीला डेटाचा फोल्डर सापडेना. प्रिंटरही त्याच पत्त्यावरून शेअर केलेला असल्याने तोही मुका झाला. जीएसटी भरण्याचे दिवस होते. अपडेट तर त्यानंतरही उतरले नाही, कारण त्या जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ची, म्हणजे डेटा मोजून-मापून वापरण्याची, खूण होती; केव्हातरी डेटा वाचवताना ती लावलेली असावी. ही खूण असली की विंडोज बहुतेक अपडेटे आपण होऊन उतरवत नाही, आणि ती प्रत्येक नेटवर्कसाठी स्वतंत्रपणे लक्षात ठेवली जाते. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या गुणधर्मांत जाऊन ती काढायला अर्धे मिनिट पुरते. चौथी कमांड अपडेटच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर उडवते. अर्धवट उतरलेली फाइल बिघडली असेल तर हा उपाय योग्य ठरतो, पण त्याआधी संबंधित सेवा थांबवाव्या लागतात आणि नंतर सारे डाउनलोड पहिल्यापासून करावे लागते, हे संदेशात लिहिलेले नाही.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही असे एक कारण इतके सर्रास आढळते की त्यासाठी थोडी जागा खर्च करतो. संध्याकाळी निघताना मेन स्विचच बंद करण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. अशा ठिकाणच्या जुन्या डेस्कटॉपमधली सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी एकदा संपली की रोज सकाळी कॉम्प्युटरचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या समजुतीप्रमाणे ती मुदत अजून सुरूच झालेली नसल्याने तो जोडणी नाकारतो आणि ८००७२एफ८एफ दाखवतो. फरक तासांचा नसून वर्षांचा असेल तर विंडोजची वेळ जुळवणारी सेवाही पुष्कळदा तो आपण होऊन भरून काढत नाही. उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहणे, ती हाताने बरोबर करणे आणि स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानातून नवी बॅटरी आणून बसवणे, एवढाच याचा इलाज आहे.

सहावा उपाय, अपडेटची सेवाच बंद करण्याचा, हा उपाय नसून शरणागती आहे. घरच्या कॉम्प्युटरवरूनच बँकेचे व्यवहार होतात, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले जाते, मुलांची कागदपत्रे तिथेच असतात. त्याला संरक्षणाची गरज नाही हे कोणत्या आधारावर म्हणायचे? इथे एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे. मुदतवाढीच्या योजनेत नोंदणी केलेली नसेल तर त्या कॉम्प्युटरवर दरमहाचे सुरक्षा अपडेट येतच नाही, आणि त्याला नेटवर्कचा बिघाड समजून रात्र घालवण्यात अर्थ नाही.

उरला मूळ दावा, की दोष शंभर टक्के इंटरनेटवाल्याचा असतो. तो कधीकधी असतो, आणि तो ओळखण्याची सोपी रीत आहे: तोच कॉम्प्युटर फोनच्या हॉटस्पॉटला जोडावा, तिथे मीटर्डची खूण नाही हे पाहावे आणि अपडेट पुन्हा सुरू करावे. तिथेही तोच कोड आला तर दोष बहुधा कॉम्प्युटरमध्ये आहे. हॉटस्पॉटवर उतरले आणि घरच्या वायफायवर अडले, तर राउटर किंवा त्यापुढची जोडणी संशयित ठरते. पीपीपीओईच्या जोडणीवर एका पाकिटाची, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची, कमाल मर्यादा नेहमीच्या १५०० ऐवजी १४९२ बाइट असते, कारण आठ बाइट त्या पद्धतीच्या शीर्षकात जातात. स्वतः विकत घेतलेल्या राउटरमध्ये हा आकडा चुकला असेल, तर साधी पाने उघडतात आणि मोठ्या फाइली मध्येच गोठतात. काळ्या खिडकीत पिंगला (दुसऱ्या सर्व्हरला पाकीट पाठवून उत्तर येते का हे पाहणाऱ्या कमांडला) ‘-एफ -एल १४६४’ अशी जोड दिल्यावर उत्तर येत असेल तर १४९२ चा आकडा चालतो आहे, कारण उरलेले २८ बाइट पाकिटाच्या शीर्षकांत जातात. लहान पिंगला उत्तर आणि याला नकार, असे झाले तर मर्यादा त्याहूनही कमी आहे.

केबलवाल्याला फोन करताना ‘नेट चालत नाही’ असे म्हटले तर तो राउटर बंद करून चालू करायला सांगेल आणि फोन ठेवेल. त्याऐवजी अपडेटचा कोड, अडण्याची वेळ, हॉटस्पॉटवर तेच अपडेट उतरले की नाही, आणि पिंगचा निकाल या चार गोष्टी लिहून त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाव्यात.