मिरची परत येते ती युरोपच्या डावामुळे?

संकेश्वर-निपाणी पट्ट्यात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय : ‘युरोपवाल्यांना आपली मिरची नकोच आहे. बुरशीच्या विषाचं निमित्त काढून माल परत पाठवतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या हीच मिरची खातोय, कुणाला काय झालं?’

आधी निमित्ताचं बघू. अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस बुरशीचं विष. युरोपात सुक्या मिरचीत त्याचा बी-1 हा प्रकार किलोला 5 मायक्रोग्रॅम आणि सगळे प्रकार मिळून 10, यापुढे चालत नाही. टनभर मिरचीत 5 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. ही मर्यादा माल कुठल्याही देशाचा असो, एकच. ज्या देशाचा माल वारंवार सापडतो, त्याची तपासणी तेवढी वाढते.

विष तयार होतं ते आपल्याच खळ्यावर. तोडलेल्या लाल मिरचीत 65 ते 75 टक्के पाणी असतं, ते 10-11 टक्क्यांवर यायला हवं. मातीवर जाड थर पसरला, रात्री दव पडलं, की साल वाळते पण देठाच्या बुडाशी ओल राहते. अशी मिरची फोडली तर बियांभोवती करडी बुरशी दिसते. त्यावर आणखी एक खोड : भरताना तुकडे पडू नयेत आणि वजन वाढावं म्हणून पाणी मारतात. चार दिवस उन्हात खपून वाळवलेला माल इथेच नासतो. खरेदीदाराने ओलावा मोजून भाव ठरवला, तर पाणी मारण्यात फायदाच उरणार नाही.

ताडपत्री किंवा सिमेंटचं खळं, पातळ थर, दिवसातून दोन-तीनदा उलटणं, संध्याकाळी गोळा करून झाकणं. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की भरायला घ्यावी. पांढरी पडलेली फळं आधीच वेचून काढावीत. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

‘कुणाला काय झालं?’ हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं, आणि तो व्हायला वर्षं लागतात. भाजून, कुटून ते जात नाही. भारतातही त्यावर मर्यादा आहे, फक्त युरोपपेक्षा सैल. आपल्या ताटातल्या चटणीची काळजी युरोपसाठी पाठवायच्या पोत्याइतकी तरी हवीच.

मिरचीत बाहेरचा रंग मिसळल्याचा आरोपही बनावट नव्हता. 2003 मध्ये फ्रान्सला भारतीय मिरचीच्या मालात सुदान-1 सापडला. हा मेण-तेलं रंगवायचा रंग. ब्याडगीची ख्यातीच तिच्या अस्सल रंगावर, त्यामुळे अशा भेसळीत सगळ्यात मोठं नुकसान तिचंच.

युरोपचे नियम निर्यातीला अडवतात, या एका मुद्द्यात मात्र तथ्य आहे. याच विषाची युरोपची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक असल्याने आफ्रिकेतल्या नऊ देशांची धान्य, सुकामेवा आणि कवचफळांची युरोपला होणारी निर्यात 64 टक्क्यांनी घटेल, असा हिशेब जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2001 मध्ये मांडला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या करारानुसार अशा कडक नियमाला शास्त्रीय आधार मागता येतो. तो मागायला जाताना हाती तपासणीच्या नोंदी लागतात. त्या भरवशाच्या व्हाव्यात म्हणून नमुना एका पोत्याच्या तोंडावरचा नको. विष सगळीकडे सारखं पसरत नाही, दहा-पाच फळांतच साठतं. बऱ्याच पोत्यांच्या वर-मध्ये-तळाशी हात घालून मिरची काढावी, सगळी एकत्र दळावी आणि त्या पुडीतून प्रयोगशाळेला द्यावी.