नोटीस पाठवली म्हणून मुदत वाढत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय: "समोरच्याने करार मोडला तर घाई नको. करार झाल्या दिवसापासून तीन वर्षे असतात. ती संपायच्या आत वकिलाची नोटीस पाठवा, मुदत नव्याने सुरू होते. करार नोंदणीकृत असेल तर बारा वर्षे मिळतात. शिवाय उशीर कोर्ट माफ करतं." यातला तीन वर्षांचा आकडा तेवढा खरा.

तीन वर्षे मोजायची ती करार मोडल्या दिवसापासून, सहीच्या तारखेपासून नव्हे. 1963 च्या मुदत कायद्यातला अनुच्छेद 55 तसं स्पष्ट सांगतो. समजा, करार जानेवारी 2022 चा आणि माल द्यायचा शेवटचा दिवस 20 जुलै 2022. माल आला नाही, तर नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत 20 जुलै 2025 ला संपली. त्या दिवशी रविवार होता, त्यामुळे दावा सोमवारी लावला तरी चालला असता. मंगळवारी नाही. करारपूर्तीच मागायची असेल तर अनुच्छेद 54 लागतो: ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे, आणि तारीखच ठरली नसेल तर नकार कळल्यापासून.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो नोटिशीचा मुद्दा. नोटीस तुम्ही पाठवता; मुदत वाढते ती देणाऱ्याच्या सहीने. कलम 18 प्रमाणे त्याने मुदत संपण्याआधी देणं लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी मुदत धरतात. कर्जाची थोडी रक्कम किंवा व्याज मुदतीत भरलं आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असेल, तरी तेच (कलम 19). "बघतो", "पुढच्या महिन्यात नक्की" ही तोंडी आश्वासनं इथे कवडीच्या कामाची नाहीत, आणि माझ्या मते बहुतेक दावे बुडतात ते याच गोड बोलण्यात. मुदत उलटल्यावर आलेली नुसती कबुलीही उपयोगी नाही. तेव्हा रक्कम देण्याचं लेखी, सही केलेलं वचनच लागतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25(3) त्याला नवा करार मानतं. नोटिशीला एक अपवाद आहे: सरकारवर दावा लावण्याआधी द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस. तो काळ मुदतीतून वगळतात, मुदत नव्याने सुरू मात्र होत नाही.

नोंदणीकृत कराराची समजूत अगदीच निराधार नाही. 1908 च्या जुन्या कायद्यात अशा लेखी कराराला सहा वर्षे होती. 1963 मध्ये ती सवलत गेली. बारा वर्षे बहुधा स्थावराच्या ताब्याच्या दाव्यांवरून इथे आली असावीत.

आता माफी. उशीर माफ करणारं कलम 5 अपील आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांनंतरही सबळ कारण दाखवून तक्रार घेता येते. गोंधळ तिथूनच झाला असेल. दिवाणी दाव्यात काही काळ वगळला जातो, तो ठराविक कारणांनीच. उदाहरणार्थ, अधिकार नसलेल्या कोर्टात सद्भावनेने गेलेला वेळ (कलम 14). एरवी प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कलम 3 नुसार न्यायाधीशाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो.